गाडीची एक्स्टेंडेड वॉरंटी: सही करण्याआधी घरी बसून करायचा हिशोब

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात भाच्याबरोबर एका शोरूममध्ये गेलो होतो. कोटेशनचा कागद पुढ्यात आला. एक्स-शोरूम, आरटीओ, इन्शुरन्स, फास्टॅग, ॲक्सेसरीज किट, आणि या सगळ्यांच्या मध्ये निमूट बसलेली एक ओळ: एक्स्टेंडेड वॉरंटी, २१,००० रुपये. भाच्याने विचारलं, "हे काय?" समोरचा पोरगा म्हणाला, "सर, ते सगळेच घेतात. पाच वर्षं टेन्शन नाही." मुहूर्ताची घाई, वहिनींच्या हातात पेढ्यांचा डबा, अशा वेळी एकवीस हजार कोण मोजतंय.

मी आयुष्याची बरीच वर्षं नाशिकच्या अंबडला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी विभागात काढली. वॉरंटीत परत आलेले भाग टेबलावर ठेवून ते का गेले हे शोधणं, हेच माझं काम. तरीही भाच्याला मी त्या दिवशी "घे" म्हणालो नाही आणि "घेऊ नको" असंही म्हणालो नाही. एवढंच म्हणालो, की ही ओळ आज खोड, बाकीचं बघू. पुढे काय बघायचं ते इथे क्रमाने लिहितो.

१. आधी तीन कागद वेगळे करा

इन्शुरन्स, वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेज (काही जण त्याला एएमसी म्हणतात) या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शोरूममध्ये त्या एकाच फोल्डरमध्ये मिळतात, म्हणून लोकांच्या डोक्यातही एकच होऊन बसतात.

उदाहरणं घ्या. गोदावरीला पूर आला, नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागलं आणि सराफ बाजाराच्या बाजूला उभी केलेली गाडी बुडाली. हा इन्शुरन्सचा विषय. इंजिनात पाणी शिरून ते जाम झालं असेल तर साधा इन्शुरन्सही पुरत नाही, इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन लागतं. निफाड-पिंपळगावकडे मळ्यातल्या घरापुढे गाडी उभी असते, उंदरांनी वायरिंग कुरतडलं, तर वॉरंटीवाले हात वर करतात, तिथेही इन्शुरन्सच बघावा लागतो. ऑइल, फिल्टर आणि मजुरी सर्व्हिस पॅकेजमध्ये. आणि कोणीही हात न लावता, कुठेही न आपटता, चालता चालता एसीचा कॉम्प्रेसर आपोआप गेला, तर फक्त तेवढं वॉरंटीत.

तेव्हा "पाच वर्षं टेन्शन नाही" या वाक्यातून पूर, उंदीर, खड्डा, अपघात, क्लच, ब्रेक आणि टायर वजा करा. उरेल तेवढंच तुम्ही विकत घेताय, आणि तेही कंपनीची मूळ वॉरंटी संपल्यानंतरच्या वाढीव वर्षांपुरतं.

२. डिलिव्हरीच्या दिवशी सही करू नका

बहुतेक कंपन्या मूळ वॉरंटी चालू आहे तोवर एक्स्टेंडेड वॉरंटी विकतात. पहिल्या दिवशी दर सगळ्यात कमी, मग ठरावीक महिन्यांनी तो पायरीपायरीने वाढत जातो. या पायऱ्यांचा छापील तक्ता शोरूमकडे असतो. तो मागा. "आजच घेतलं तर" असं म्हणणारा माणूस हा तक्ता दाखवायला सहसा उत्सुक नसतो, म्हणून नम्रपणे दोनदा मागा.

थांबायचं कारण सोपं आहे. पहिल्या दिवशी तुम्हाला गाडीबद्दल काहीच माहीत नसतं. तिसऱ्या वर्षी गाडी किती पळाली, तिने कधी त्रास दिला का, त्या मॉडेलचं नाव गॅरेजमध्ये कशासाठी निघतं, हे सगळं माहीत झालेलं असतं. उशिरा घेताना जे तीन-चार हजार जास्त पडतात, ती या माहितीची किंमत. मला ती स्वस्त वाटते. अपवाद पुढे सांगतो.

दुसरं, वॉरंटीची रक्कम कर्जात घालू देऊ नका. २१,००० रुपये साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जात मिसळले, की हप्ता ४४१ रुपयांनी वाढतो आणि एकूण साधारण २६,४६० रुपये भरले जातात. गंमत अशी, की मूळ वॉरंटी तीन वर्षांची असेल तर पहिली तीन वर्षं तुम्ही अजून सुरूच न झालेल्या गोष्टीवर व्याज भरता.

आणि कोणी म्हणालं, की वॉरंटी घेतली नाही तर गाडी मिळणार नाही किंवा वेटिंग वाढेल, तर ते लेखी मागा. एक गोष्ट हवी तर दुसरी घ्यावीच लागेल अशी सक्ती करणं ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये निर्बंधक व्यापारी प्रथेत मोडतं. कायद्याचं नावही घ्यावं लागत नाही, "ई-मेलवर पाठवा" म्हटलं की पुरतं.

३. ओडोमीटरचा हिशोब

वॉरंटी वर्षांत आणि किलोमीटरमध्ये असते आणि "जे आधी संपेल ते" हे शब्द बारीक टाइपात असतात. सगळा खेळ तिथेच आहे.

मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये मूळ वॉरंटी २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली. काही कंपन्या खासगी गाडीला किलोमीटरची अट घालत नाहीत. म्हणजे आधी आपल्या गाडीची मूळ वॉरंटी नेमकी किती, ते पुस्तिकेत बघा. चुलतभाऊ महिंद्रात आहे, त्याला विचारू, असं नाशिकमधल्या अर्ध्या घरांत म्हणतात. विचारा, पण पुस्तिकाही उघडा.

आता समजा तुम्ही दर आठवड्याला मुंबईला जाऊन येता. जाऊन-येऊन ३४० किलोमीटर, वर्षातले ४८ आठवडे धरले तर १६,३२०. गावातलं, त्र्यंबक, वणी, शिर्डी मिळून आणखी ७,०००. म्हणजे वर्षाला २३,३०० च्या आसपास. तुम्हाला "५ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर" असा प्लॅन विकला तर तो चार वर्षं आणि साडेतीन महिन्यांत संपतो. पैसे दोन वाढीव वर्षांचे दिले, हातात आले पंधरा-सोळा महिने. हाच प्लॅन १ लाख २० हजारांचा असेल, तर पाच वर्षांत १,१६,५०० होतात आणि तो जेमतेम पुरतो. म्हणून तुलना वर्षांची करू नका, तुमच्या पळण्याप्रमाणे खरे महिने किती मिळतात ते काढा आणि किमतीला त्या महिन्यांनी भागा.

उलट टोकाला गंगापूर रोडवरचं निवृत्त जोडपं. गाडी भाजी, दवाखाना आणि महिन्यातून एकदा सोमेश्वर, वर्षाला ५,००० किलोमीटर. त्यांना किलोमीटरचं भय नाही. पण अशा गाडीत रबर, सील, १२ व्होल्टची बॅटरी हे उभ्या उभ्या म्हातारं होतं, आणि नेमकं हेच वॉरंटीत नसतं.

४. काय बिघडू शकतं आणि कधी

हा भाग थोडा लांबेल, कारण विषय माझा आहे.

भाग कधी बिघडतात याचा आलेख काढला तर तो घमेल्यासारखा दिसतो. आम्ही कंपनीत त्याला बाथटबच म्हणायचो. डावीकडे उंच कड: सोल्डर कच्चा राहिला, सील तिरकं बसलं, कास्टिंगमध्ये हवेचा बुडबुडा राहिला, असे कारखान्यातले दोष पहिल्या काही महिन्यांत उघडे पडतात. ते मूळ वॉरंटीत फुकट निघतात. मग सपाट तळ: बरीच वर्षं फारसं काही होत नाही. मग उजवीकडची कड: झीज. क्लच प्लेट, बुश, शॉकॲब्सॉर्बर, रबराचे पाइप.

एक्स्टेंडेड वॉरंटीची चौथी-पाचवी वर्षं या घमेल्याच्या तळाशी येतात. आणि उजवीकडची कड सुरू झाली तरी झिजणारे भाग पुस्तिकेत आधीच वगळलेले असतात. विकणाऱ्याला हे नीट माहीत असतं, म्हणून तर तो विकू शकतो.

मग कोणीच घेऊ नये का? तसं नाही. तळ सपाट असला तरी शून्य नसतो, आणि काही भाग असे आहेत की एकदाच गेले तरी कंबर मोडते. ड्युअल क्लच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं नियंत्रण करणारं युनिट, सीव्हीटी (पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक)चा संपूर्ण गिअरबॉक्स, टर्बो, डिझेलचा हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर, इलेक्ट्रिक स्टिअरिंगची रॅक, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), मोठा टचस्क्रीन, समोरचा रडार-कॅमेरा. हे भाग आता पूर्वीसारखे दुरुस्त करत नाहीत, अख्खे बदलतात. पूर्वीचा मिस्त्री अल्टरनेटर खोलून कार्बन बदलायचा आणि तीनशे रुपये घ्यायचा. आता कनेक्टर काढायचा, नवीन डबा लावायचा, लॅपटॉप जोडायचा.

म्हणून माझा कल असा. साधी पेट्रोल, मॅन्युअल, छोटी गाडी, विक्रीत जुनी झालेली, प्रत्येक गॅरेजला ठाऊक असलेली: मी घेत नाही. ड्युअल क्लच किंवा सीव्हीटी, टर्बो पेट्रोल, हायब्रिड, किंवा बाजारात आलेलं पहिल्याच वर्षातलं मॉडेल: घेतो, आणि यांच्या बाबतीत पहिल्या टप्प्यातल्या स्वस्त दरातच घेतो. वर म्हटलेला अपवाद तो हा. एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप हलवणारी स्वस्त ऑटोमॅटिक, या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसते. तिचा गिअरबॉक्स आतून मॅन्युअलच असतो, जातो तो क्लच किंवा तो हलवणारा ॲक्च्युएटर. ॲक्च्युएटर वॉरंटीत आहे का, हे पुस्तिकेत नाव घेऊन शोधा. कसारा घाटात ट्रकमागे एक्सलरेटरवर गाडी रोखून धरणाऱ्यांनी तर आधी शोधा. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून बोगद्यातून जाणाऱ्यांचे क्लच थोडे सुखी झाले असतील.

बीएस-६ डिझेलवाल्यांसाठी एक वेगळी ओळ. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. सिडको ते कॉलेज रोड एवढंच फिरणारी डिझेल गाडी त्याला पुरेसं तापूच देत नाही, मग तो काजळीने तुंबतो. तुंबणं हा दोष धरायचा की वापराचा परिणाम, यावर वाद होतो आणि वादात ग्राहक थकतो. त्यावर इलाज वॉरंटी नाही, आठवड्यातून एकदा ओझरपर्यंत हायवेला एकसारख्या वेगाने चक्कर, हा आहे.

इलेक्ट्रिक गाडीच्या मोठ्या बॅटरीला कंपनीची वेगळी लांब वॉरंटी असते, बहुतेक ठिकाणी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. एक्स्टेंडेडमध्ये तिचेच पैसे पुन्हा मोजत नाही ना, एवढं तपासा.

५. पैशांचं गणित

वरचेच २१,००० घ्या. ते साडेसहा टक्क्यांच्या एफडीत टाकले तर तीन वर्षांनी, म्हणजे वाढीव वॉरंटी सुरू व्हायच्या दिवशी, सव्वापंचवीस हजारांच्या पुढे जातात. आता प्रश्न असा: त्या दोन वर्षांत एकदाच होऊ शकणारा मोठा खर्च किती?

हा आकडा विकणाऱ्याला विचारू नका. सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर जा, चार-पाच भागांची नावं द्या आणि किमती मागा. काही कंपन्या त्या वेबसाइटवरही टाकतात. त्यात मजुरी आणि १८ टक्के जीएसटी धरा. समजा साध्या गाडीचा सगळ्यात मोठा खर्च ३८,००० निघाला. म्हणजे दर तीन गाड्यांतल्या दोन गाड्यांना हा फटका बसणार असेल, तरच वॉरंटीचे पैसे वसूल. तेवढं वाईट मॉडेल असेल तर मुळात ते घेऊच नका. ऑटोमॅटिकच्या गिअरबॉक्सचा आकडा दीड लाख निघाला, तर सहातल्या एका गाडीला झाला तरी बरोबरी होते. इथे विचार करायला जागा आहे.

हे आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, तुमच्या गाडीचे तुम्ही घाला. आणि एक गोष्ट गणितात बसत नाही: दीड लाखाचा खर्च अचानक आला तर तुमच्याकडे तो आहे का? ज्याच्या हप्त्यातच पगार संपतो त्याच्यासाठी तोट्याचा सौदाही कधी कधी शहाणपणाचा असतो.

गाडी किती वर्षं ठेवणार हेही प्रामाणिकपणे ठरवा. चार वर्षांत बदलणारा माणूस पाच-सहा वर्षांची वॉरंटी पुढच्या मालकासाठी घेत असतो.

६. पुस्तिका मागा, माहितीपत्रक नको

माहितीपत्रकावर हसणारं कुटुंब असतं. अटी पुस्तिकेत असतात. ती घरी आणा आणि पेन्सिल घेऊन बसा.

सगळ्यात आधी बघा, की वॉरंटी देतंय कोण. गाडी बनवणारी कंपनी, डीलर, की तिसरीच संस्था? कंपनीची असेल तर नागपूरला किंवा बेळगावला बंद पडली तरी चालते. डीलरची असेल तर कदाचित त्याच्याच वर्कशॉपपुरती. डीलरशिपच बंद झाली तर तुम्ही कोणाच्या दारात जाणार?

मग यादी. "खालील भाग समाविष्ट" अशी यादी असेल तर जे लिहिलेलं नाही ते नाही. "खालील भाग वगळून सर्व" अशी असेल तर ती बरी. भाग बदलताना लागणारं ऑइल, कूलंट, एसीचा गॅस यांचे पैसे बहुतेक ठिकाणी आपणच भरतो. एका क्लेमला किंवा एकूण रकमेला मर्यादा आहे का, टोइंग कोणाच्या खर्चाने, गाडी विकली तर वॉरंटी नवीन मालकाच्या नावावर होते का आणि किती दिवसांत कळवावं लागतं, मधेच रद्द केली तर काही परत मिळतं का, हे शोधा. उत्तर सापडलं नाही तर ई-मेलने विचारा. फोनवरचं "हो हो, होतं सर" क्लेमच्या दिवशी कोणाला आठवत नाही.

७. घेतलीत, तर सांभाळा

माझ्या मेहुण्याची द्राक्षबाग आहे. त्याच्या गाडीची वॉरंटी एक्स्टेंडेड होती. सर्व्हिस दर वर्षाला किंवा १०,००० किलोमीटरला, वर एक महिन्याची सवलत. तिसरी सर्व्हिस फेब्रुवारीत होती. फेब्रुवारीत बागायतदार माणसाला जेवायला वेळ नसतो, व्यापारी दारात आणि माल क्रेटमध्ये. तो एप्रिलमध्ये गेला. तेव्हा कोणी काही बोललं नाही, बिल घेतलं, गाडी धुऊन दिली. पुढच्या वर्षी मे महिन्यात एसीचा कॉम्प्रेसर गेला आणि कॉम्प्युटरवर ती दोन महिन्यांची फट लाल रंगात दिसली. क्लेम रिजेक्ट.

आम्ही लेखी विचारलं: इंजिन ऑइल उशिरा बदलल्याने एसीचा कॉम्प्रेसर कसा जातो, ते कळवा. उत्तर आलं नाही, पण तीन ई-मेलनंतर "गुडविल" म्हणून अर्धे पैसे कंपनीने सोसले. गुडविल हा शब्द लक्षात ठेवा. वॉरंटी नुकतीच संपली असेल किंवा अटीत किरकोळ चूक झाली असेल, तर तो मागता येतो, मात्र सर्व्हिसचा बाकीचा इतिहास स्वच्छ हवा.

बाहेरून सीएनजी किट बसवलं, हेडलाइटसाठी वायर कापून जोड दिला, बाजारातला स्क्रीन लावला, तर इलेक्ट्रिकल भागांचा क्लेम अडकण्याची पक्की सोय झाली म्हणून समजा. गाडीच्या तयार कपलरला (वायरच्या प्लगला) जोडता येणारी ॲक्सेसरी बसवा, वायरला ब्लेड लावू देऊ नका.

बाहेरच्या गॅरेजला सर्व्हिस केली तर? भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता, त्यात सुटे भाग आणि स्वतंत्र गॅरेजची अडवणूक हाच मुद्दा होता. पुढे प्रकरण अपिलात गेलं. तत्त्व तुमच्या बाजूचं आहे, पण वॉरंटीचे पैसे मोजल्यावर अधिकृत सर्व्हिसचा खर्चही मोजायची तयारी ठेवा. तो खर्च वरच्या गणितात धरायला विसरू नका.

८. चौतिसाव्या महिन्यातली फेरी

एक्स्टेंडेड घ्या किंवा घेऊ नका, हे काम कराच. मूळ तीन वर्षं संपायच्या दोन महिने आधी गाडी पूर्ण तपासून घ्या. आधी आठवडाभर वहीत लिहा: सकाळी थंड असताना दुसऱ्या गिअरला खरखर, पाथर्डी फाट्याच्या स्पीडब्रेकरवर डाव्या पुढच्या चाकातून टक्, पावसात मागच्या दरवाजातून पाणी. जॉब कार्डवर सर्व्हिस ॲडव्हायझर "जनरल चेकअप" असं लिहील. तसं लिहू देऊ नका, तुमचे शब्द लिहायला लावा आणि प्रत घ्या. वॉरंटी चालू असताना नोंदलेली तक्रार नंतर बळावली, तर भांडायला तोच कागद उपयोगी पडतो.

ही तपासणी स्वच्छ निघाली, गाडी साधी आहे, तर तिथेच निर्णय झाला. काही निघालं तर ते फुकटात करून घ्या आणि मग पायऱ्यांचा तक्ता बाहेर काढा.

९. क्लेम अडला तर

गाडी बंद पडल्यावर जवळच्या मिस्त्रीला उघडू देऊ नका, रोडसाइड असिस्टन्सला फोन करून उचलून न्या. नकार मिळाला तर तो कोणत्या कलमाखाली, हे लेखी घ्या. मग कंपनीच्या मुख्य ग्राहक विभागाला ई-मेल. तिथेही जमलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. कायदा २०१९ चा असल्याने तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस कुठेही असो. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. वकील सक्तीचा नाही.

जुनी गाडी घेताय?

जुन्या गाडीच्या जाहिरातीत "कंपनी वॉरंटी बाकी" असं हमखास असतं. चॅसी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा, सर्व्हिसचा इतिहास आणि वॉरंटीची तारीख कॉम्प्युटरवर दिसते. मागच्या महिन्यात शेजाऱ्यांसाठी एक एमएच-१५ अशीच तपासली. वॉरंटी खरंच अकरा महिने बाकी होती, फक्त दोन सर्व्हिसच्या मध्ये एकोणीस महिन्यांचं अंतर होतं. शेजाऱ्यांनी तो कागद विकणाऱ्यापुढे ठेवला आणि गाडी बारा हजारांनी कमी करून आणली.